एकवीस होड्यांचे दहा दिवस

काशीत ‘शरदिनी सप्रे कुठे राहतात’ असं विचारलंत तर लोक खांदे उडवतील. ‘फॉर्मवाली दीदी’ म्हणा, मग पंचगंगा घाटापासून पलीकडे रामनगरपर्यंत कुणीही तुम्हाला मंगला गौरीच्या गल्लीत त्यांच्या दारापर्यंत आणून सोडेल. वाटेत ‘अबकी काहे का फॉर्म आया है?’ हेही तुम्हालाच विचारून घेईल.

अठ्ठावीस वर्षं बाई लोकांना प्रश्न विचारतायत. सुरुवात एका साबणाच्या कंपनीपासून झाली. अंगाला कुठला लावता, कपड्यांना कुठला, आणि तोच का. मग लसीकरण आलं, चुली आल्या, निवडणुका आल्या. गेली नऊ वर्षं मात्र त्या अर्थशास्त्रवाल्यांच्या तावडीत सापडल्या आहेत, आणि अर्थशास्त्रवाल्यांचं समाधान करणं म्हणजे काय असतं ते साबणवाल्यांना विचारू नका. साबणवाला बारा प्रश्नांत गप्प होतो. हे लोक शंभर प्रश्न विचारतात आणि एकशेएकावा राहिला म्हणून हळहळतात.

खरं तर बाईंना हा विषय मनापासून आवडतो. त्यांचे वडील पाठशाळेत ऋग्वेद शिकवायचे, मुलीने बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं तेव्हा त्यांनी फक्त ‘घे’ एवढंच म्हटलं. दुसऱ्या वर्गात पास झाल्या. एम.ए.चा अर्ज आणून ठेवला होता, पण तो भरायच्या आधी भुसावळचं स्थळ आलं, आणि नरहर सप्रे बनारसला रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात बदलून आलेले असल्यामुळे माहेरच्या गल्लीतच संसार थाटला गेला. पुढे मुलगी शाळेत जाऊ लागली आणि बाईंनी पहिला फॉर्म हातात घेतला.

त्यांचे काही नियम होते. दारात उभं राहून प्रश्न विचारायचा नाही. बसायचं, पाणी प्यायचं, मग विचारायचं. समोरचा अडखळला तर आकडा आपण सुचवायचा नाही. ‘दस-बारह होगा?’ असं आपण म्हटलं की तो बिचारा ‘हां, दस-बारह’ म्हणून मोकळा होतो आणि आपण पाप लिहून घेतो. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की एकही फॉर्म घरी बसून भरायचा नाही. हे करणारे पुष्कळ असतात. कडक ऊन, चार मजले, तिसऱ्यांदा बंद दार. मग माणूस चहाच्या दुकानात बसून चार कुटुंबं मनाने निर्माण करतो. एकदा एका नव्या पोराने असेच चाळीस फॉर्म आणून दिले होते. बाईंनी ते नुसते चाळले आणि परत दिले. “चाळीस घरांत एकानेही ‘पता नहीं’ म्हटलं नाही होय रे?” असं त्यांनी विचारल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

अशा बाईंवरच तो आळ आला.

झालं असं. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून देवश्री काणेकर नावाची मुलगी इथल्या एका लहानशा संशोधन संस्थेत आली. डॉक्टरेट झालेली, वय बत्तीस-तेहतीस, चालणं भरभर आणि बोलणं त्याहून भरभर. तिचा अभ्यास मल्लाहांवर, म्हणजे गंगेवरच्या नावाड्यांवर होता. ज्यांची कमाई आज आहे, उद्या नाही, अशी माणसं संकटातून कशी तरतात? आजारपण आलं, घरचा कर्ता गेला, तर विमा नसलेल्या घराला कोण सावरतं? जगभरचे अर्थशास्त्रज्ञ सध्या या प्रश्नाच्या मागे लागलेत, असं ती सांगायची. बाईंना तिचा उत्साह आवडायचा. ऑफिसात त्या तिला ‘मॅडम’ म्हणत, बाहेर पडल्यावर ‘अगं देवश्री’. ती त्यांना दोन्हीकडे ‘काकू’च म्हणायची.

फाल्गुनात बाईंनी निरनिराळ्या घाटांवरच्या तीनशे बारा घरांचे फॉर्म भरले. आता कागद नसतो, टॅब असतो. पण फॉर्म तो फॉर्मच. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, लू वाहायला लागली होती तेव्हा, देवश्रीने त्यांना बोलावून घेतलं.

“बसा काकू,” ती म्हणाली. एरवी हे ती हसून म्हणायची.

टेबलावरच्या लॅपटॉपच्या पडद्यावर एक चष्मेवाला तरुण होता. तो सुश्रुत. बंगळुरूला बसून या अभ्यासाचे सगळे आकडे तपासणं हे त्याचं काम. बोलायला सभ्य होता, मराठीही स्वच्छ होतं, त्यामुळे तो जे बोलला ते बाईंना अगदी नीट कळलं.

“ताई, पंचगंगेच्या पुढच्या लहान घाटावरची एकवीस घरं तुम्ही केलीत. प्रश्न सव्वीस, गेल्या तीस दिवसांत घरची होडी किती दिवस चालली. एकवीसच्या एकवीस घरांत उत्तर दहा आहे.”

“हो.”

“हो म्हणजे? बाकीच्या घाटांवर कुठे चार आहे, कुठे सतरा, कुठे बावीस.”

“असेल. ते घाट वेगळे.”

“पण एकवीस घरांत एकच आकडा कसा येईल?”

“मग दुसरा कुठला येणार?” बाईंनी विचारलं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं की हा मुलगा विचारतोय काय.

सुश्रुतने चष्मा वर सरकवला. “बरं. घर क्रमांक चौदा. माणसं दोन. सोनमती, वय बहात्तर, आणि तिची नात, वय अकरा. होडी चालली दहा दिवस. बहात्तर वर्षांची बाई महिन्यातून दहा दिवस वल्हं मारते का?”

“तिने दहा सांगितले, मी दहा लिहिले.”

“आणि शेऱ्याचा रकाना सगळीकडे कोरा.”

“शेरा लिहिण्यासारखं काही नव्हतं.”

मग देवश्रीने खाली बघत सांगितलं ते असं की एखाद्याने घरी बसून फॉर्म भरल्याचा संशय आला, तर त्याचे सगळे फॉर्म बाद होतात. एकवीसच नव्हे, तीनशे बाराही. आणि त्या माणसाचं नाव फॉर्म भरणाऱ्यांच्या यादीतून निघतं. ती यादी इतर संस्थाही बघतात, हे बाईंना सांगायची गरज नव्हती. म्हणजे यापुढे साबणसुद्धा नाही.

बाईंचे कान तापले. अठ्ठावीस वर्षं ज्या एका गोष्टीची त्यांनी शेखी मिरवली, तीच हा पोरगा बंगळुरूहून पुसायला निघाला होता. रडू येईल म्हणून त्यांनी पर्स उचलली. “काय लिहायचं ते लिहा,” एवढंच म्हणून त्या उन्हात बाहेर पडल्या आणि रिक्षा न करता निम्मं अंतर चालत गेल्या.

घरी नरहरराव कैऱ्या उकडून पन्ह्याचा गर काढत बसले होते. निवृत्तीनंतर स्वयंपाकघरातली थंड कामं त्यांनी आपल्याकडे घेतली आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये दोनदा “नालायक आहेत” असं म्हणून बायकोची बाजूही घेतली. मग बोटं पुसत म्हणाले, “पण काय गं, खरंच एकवीस घरांत दहाच कसे?”

“अहो, बारी नाही का!”

“कसली बारी?”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हा गृहस्थ चौतीस वर्षं रोज सकाळी त्याच पायऱ्यांवरून फिरून येतो.

“तिथे सात-सात होड्यांची बारी लागते. आज या सात, उद्या त्या सात, परवा उरलेल्या सात. म्हणजे प्रत्येकाची तिसऱ्या दिवशी. तीस दिवसांत दहा. आज मोजा, उद्या मोजा, दहाच येणार. आपली बारी नसली की कुणी जाळी विणतो, कुणी गवंड्याच्या हाताखाली जातो. हे तर लहानपणापासून सगळ्यांना मालूम असतं!”

“मला कुठे मालूम आहे?”

“आणि ज्या घरात वल्हवणारं कुणी नाही त्यांची होडी दुसरा कुणी चालवतो. बारी त्या घराची ती त्या घराची, कमाईसकट. सोनमतीची लालजी चालवतो. तुम्ही रोज बघता त्याला, तो पिवळ्या होडीवाला.”

“मी फिरायला जातो गं. लोकांच्या होड्या मोजायला नाही जात,” नरहरराव म्हणाले आणि पन्ह्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला.

पेला तसाच राहिला. बाईंच्या डोक्यात एकदम उजेड पडला होता, आणि तो काही सुखाचा नव्हता. फॉर्मवर शेऱ्याच्या रकान्याखाली सूचना होती, ‘काही वेगळे आढळल्यास लिहावे.’ त्यांना काही वेगळं आढळलंच नव्हतं. त्या गल्लीत जन्मल्या, त्या घाटावर पोहायला शिकल्या. बारी त्यांच्या लेखी दिवस उगवण्यासारखी होती. पुण्याच्या मुलीला आणि बंगळुरूच्या मुलाला ती कुठून दिसणार? जे सगळ्यांत आधी लिहायला हवं होतं, तेच आपण कोरं ठेवलं. आरोप खोटा होता, पण चूक झाली होती आणि ती आपलीच होती, हे कबूल करताना त्यांना आरोपापेक्षाही जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी राग गिळून त्या पुन्हा देवश्रीसमोर जाऊन बसल्या आणि बारीची सगळी रीत सांगितली. देवश्री ऐकता ऐकता पेन चावायला लागली.

“काकू, तीन वर्षं माझा स्वतःचा बाप आजारी होता, आणि आमच्या सोसायटीत कुणी कुणाकडे डबासुद्धा नेला नाही,” ती म्हणाली. “बघा, देवाणघेवाण आम्हाला समजते. मी तुम्हाला देईन, कारण उद्या तुम्ही मला द्याल. पण सोनमती काय देणार परत? जिच्याकडून काहीच यायचं नाही, तिला लोक वर्षानुवर्षं वाटा देत राहतील हे आमच्या गणितात बसत नाही. लोकांनी तिला केव्हाच वगळायला हवं होतं.”

“नाही ना वगळलं. मग आता बसवा गणितात.”

देवश्री हसली, पण लगेच गंभीर झाली. “मी ठेवीन हो विश्वास. पण पेपर तपासणारे माझ्या शब्दावर जाणार नाहीत, आणि सुश्रुत तर नाहीच. मला स्वतःला बघावं लागेल. नऊ दिवस मी घाटावर बसते. प्रत्येक होडी तीनदा चालली पाहिजे. तुम्ही शेजारी बसा, कुठली होडी कुणाची तेवढंच सांगा, बाकी मला काही समजवायचं नाही. मल्लाहांशीही यातलं काही बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही. आणि आकडा चुकला तर मला काही करता येणार नाही, काकू.”

“मंजूर,” बाई म्हणाल्या.

पहिल्या पाच दिवसांत सगळं घड्याळासारखं चाललं. पहाटे साडेपाचला दोघी पायऱ्यांवर बसत. देवश्रीच्या वहीत एकवीस रकाने होते आणि होड्यांना तिने रंगावरून नावं दिली होती. लालजीची पिवळी पहिल्या आणि चौथ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशी सोनमतीची निळी होडी निघाली, वल्ह्यावर लालजीच होता. देवश्रीने बाईंकडे पाहून भुवया उंचावल्या, आणि त्या दिवशी कचौडीचे पैसे तिने दिले. ती आता बाईंना बाजारभावाचे सिद्धान्त समजावून सांगायची आणि बाई तिला बी.ए.ला कंटाळवाण्या वाटलेल्या गोष्टी विचारून घ्यायच्या. पस्तीस वर्षांनी का होईना, शिकवणी लागली म्हणून बाई मनातल्या मनात खूश होत्या.

सहावा दिवस सोनमतीच्या बारीचा.

दोघी घाटावर पोचल्या तेव्हा निळी होडी पाण्यात नव्हतीच. ती वाळूवर उपडी पडलेली होती आणि तिच्या तळाला डांबर लावायचं काम चाललं होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की होड्यांची ही डागडुजी होतेच. बाईंना ते माहीत होतं, पण आजच हे निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. सात वाजता एक गुजराती कुटुंब पायऱ्या उतरून आलं. लालजीने त्यांना हात देऊन आपल्या पिवळ्या होडीत बसवलं आणि निघून गेला.

देवश्रीने वहीत निळ्या रकान्यात शून्य लिहिलं. पिवळ्याखाली एक लिहिलं. दोन्ही आकड्यांभोवती तिने गोल काढला.

बाईंनी ते पाहिलं. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, अगं होडी कुठली ते बघू नकोस! पण बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि ठरलेलं मोडलं असतं तर घरी बसून फॉर्म भरणाऱ्यांत आणि आपल्यात फरक तो काय राहिला? त्या दातांवर दात ठेवून बसून राहिल्या. शिवाय एक वाईट शंका मनात शिरलीच. खरंच लालजीने आजची बारी स्वतःला घेतली असेल तर? शेवटी माणूसच आहे, घरात तीन लेकरं आहेत. त्या दिवशी दुपारी जेवण गेलं नाही. नरहररावांनी दोनदा विचारलं, मग शहाण्यासारखं विचारायचं थांबले.

सातव्या दिवशी लालजीची स्वतःची बारी होती. तो नेहमीसारखा पिवळ्या होडीत बसून गिऱ्हाइकाची वाट पाहत होता. देवश्रीने वही बंद केली आणि चपला हातात घेऊन ती थेट त्याच्यापाशी गेली. बाई पायरीवरून हलल्या नाहीत. पण कान तिकडेच होते.

“भैया, कल तो आप गए थे. आज फिर आपकी बारी?”

“काल त सोनमती काकी क बारी रहल,” लालजी म्हणाला. “हमार आज हौ.”

“पर नाव तो आपकी थी.”

“नाव से का होला?” त्याला प्रश्नच कळेना. “बारी त उनकर रहल. पइसा उनके घरे दे आइली.”

“और वो आपको क्या देती हैं?”

“काकी?” लालजी मोठ्याने हसला. शेजारच्या होडीतलाही हसला. मग बाहेरगावची मुलगी खरंच विचारतेय असं पाहून त्याने नीट सांगितलं. तो शाळेत असताना त्याचे वडील नावेतून पडले, कंबर मोडली. तीन वर्षं ते खाटेवर होते. तीन वर्षं त्यांची बारी सोनमतीच्या नवऱ्याने चालवली. तेव्हा कुणी त्याला काही दिलं नव्हतं. “ओ बखत हमार घर चलल, ना? त अब उनकर चली,” असं म्हणून तो उठला, कारण पायऱ्यांवरून गिऱ्हाईक येताना त्याला दिसलं होतं.

देवश्री परत आली ती पाण्याने भिजलेली सलवार तशीच घेऊन बाईंच्या शेजारी मटकन बसली.

“काकू, मी होड्या मोजत होते!”

“हो गं बाई.”

“तुम्हाला काल माहीत होतं?”

“वाटत होतं. खात्री नव्हती. मी पण घाबरले होते.”

“आणि बोलला नाहीत?”

“बोलायचं नाही असं तूच म्हणालीस ना!” बाई म्हणाल्या आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू त्यांना आलं. मनसोक्त आलं. स्नानाला आलेल्या दोन बायका थांबून पाहायला लागल्या, पण काशीच्या घाटावर बाई रडताना पाहून कुणी फार वेळ थांबत नाही.

देवश्रीने तिथूनच सुश्रुतला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. सगळं ऐकून त्याने प्रश्नांची यादी पुन्हा उघडली. नंतर म्हणाला, “म्हणजे प्रश्न सव्वीस चुकला होता. होडी किती दिवस चालली असं नको होतं विचारायला.”

“घरची बारी किती दिवस लागली, असं विचारायचं,” बाईंनी फोनकडे वाकून सांगितलं.

“ताई, सॉरी. मी फार घाईने बोललो.”

“मला फार लागलं होतं हो,” बाई म्हणाल्या. त्यांना आडपडदा जमत नाही. “पण तुमचा प्रश्न चुकला तसा माझा शेरा राहिला. तो तुमच्या माथी मारणार नाही मी.”

उरलेले दोन दिवसही देवश्री घाटावर बसली, कारण नऊ म्हणजे नऊ. एकवीस घरं, प्रत्येकी तीन. पुढचे चार महिने ती आणि सुश्रुत त्या एका घाटाच्या आकड्यांतच अडकून पडले. मूळ पेपरात त्या घाटाला एक तळटीप मिळणार होती. आता तोच पेपरचा विषय झाला. संकटात सापडलेल्या घराला शेजारी कसे सांभाळतात, आणि ते एका पिढीचं देणं दुसऱ्या पिढीत कसं फिटतं, असं काहीसं पेपरचं म्हणणं होतं. त्याची समीकरणं बाईंना कळली नाहीत. पण जुनी गणितं माणसाला तो असतो त्यापेक्षा थोडा जास्त स्वार्थी धरून चालतात, हे देवश्रीने टेबलावर हात आपटून सांगितलं तेव्हा त्यांना अगदी बरं वाटलं.

कार्तिकात संस्थेच्या हॉलमध्ये परिषद भरली. बाहेरून वीस-पंचवीस विद्वान आले होते. बाईंनी गर्द हिरवी बनारसी नेसली, नरहररावांना बळेच कोट घालायला लावला, आणि दोघं शेवटून दुसऱ्या रांगेत बसले. सुश्रुत पहिल्यांदाच अख्खा दिसला. पडद्यावर वाटतो त्यापेक्षा बराच बुटका होता. तो येऊन बाईंच्या पाया पडला, मग कुठे बसावं हे न कळून त्यांच्याच शेजारी बसला.

देवश्री छान बोलली. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा पहिल्या रांगेतले एक वयस्क प्राध्यापक उठले. दिल्लीचे, मोठं नाव, सगळे त्यांना दबून होते. ते इंग्रजीत शांतपणे म्हणाले की काम सुंदर आहे, पण एक साधी शंका आहे. एकवीस घरांत तंतोतंत एक आकडा, आणि सगळे फॉर्म एकाच व्यक्तीने भरलेले. नऊ दिवसांची पाहणी मेमधली आहे आणि हे आकडे मार्चमधले. मार्चचे फॉर्म त्या व्यक्तीने घरी बसून भरले नसतील कशावरून?

बाईंना इंग्रजी बोलायचा सराव नाही, पण कळतं सगळं. पुन्हा तेच. इतकं होऊनही, भरल्या सभेत, पुन्हा तेच. नरहररावांनी त्यांचा हात धरला. सुश्रुत उत्तर द्यायला अर्धा उठला होता.

“ज्यांनी भरले त्या इथेच आहेत,” देवश्री व्यासपीठावरून म्हणाली. “त्यांनाच विचारू या.”

माना वळल्या. बाई उभ्या राहिल्या. आवाज नेहमीचा निघाला, चार हजार उंबऱ्यांवर वापरलेला.

“सर, घर बैठकर भरती,” त्या म्हणाल्या, “तो सबका अलग-अलग लिखती.”

सुश्रुत पहिल्यांदा हसला, तोंडावर हात ठेवून, स्वतःलाच हसल्यासारखा, आणि पाठोपाठ सगळा हॉल. प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, बाईंकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. टाळ्या सुरू झाल्या तशा बाई खाली बसायला लागल्या.

“नहीं, नहीं, बैठिए मत,” प्राध्यापक म्हणाले आणि टाळ्या थांबेपर्यंत थांबले. “अब यह बताइए, और क्या है जो हमने नहीं पूछा?”

बाईंनी नवऱ्याच्या हातातून हात सोडवून घेतला, पदर खांद्यावर नीट केला आणि सांगायला सुरुवात केली.